कोंडवाडा गेला कुठे?

मंडळी, पोस्ट लांब झाली आहे. सवडीने वाचा. कमेंट करायची असेल तर आधी पूर्ण वाचा, एवढी विनंती.

गेल्या मंगळवारी पहाटे पाचला बायपासच्या वळणावर पेपर टाकणारा एक पोरगा रस्त्यात बसलेल्या गोऱ्ह्यावर मोटरसायकलसकट आदळला. वय एकोणीस. स्टँडवरून पेपरचा गठ्ठा उचलला होता आणि नव्या वसाहतीकडे निघाला होता. धुकं होतं, त्या पट्ट्यातले खांबावरचे दिवे दिवाळीपासून बंद आहेत आणि गोऱ्हा काळाकुट्ट. पोराच्या मांडीचं हाड मोडलं, आत रॉड टाकलाय. गोऱ्हा उठला, लंगडत दुभाजकापर्यंत गेला आणि तिथंच बसला. दुपारी मेला. पालिकेचा ट्रॅक्टर संध्याकाळी आला.

त्या गठ्ठ्यात आमचाही पेपर होता. दुसऱ्या दिवशी मीच बातमी केली. "मोकाट जनावरांचा सुळसुळाट, दुचाकीस्वार गंभीर". गेल्या अठरा वर्षांत हेच हेडिंग मी किती वेळा दिलं असेल, मोजदाद नाही. "बंदोबस्त करावा अशी मागणी नागरिकांतून होत आहे" हे शेवटचं वाक्य तर आता बोटांनाच पाठ झालंय. बातमी आली की पालिकाही तिचं ठरलेलं काम करते. मोहीम काढते.

मोहीम म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाहेरगावचा ठेकेदार येतो. पिंजऱ्याची गाडी, सात-आठ पोरं, दोरखंड. पहिल्या दिवशी मंडईतून वीस-पंचवीस जनावरं धरतात. फोटो निघतात, ते आम्ही छापतो. दुपारपर्यंत मालकांचे फोन नगरसेवकाला, नगरसेवकाचा फोन आरोग्य विभागाला, आणि ज्यांना मालक आहे ती जनावरं संध्याकाळी घरी. काही दंड भरून, काही न भरता. उरलेली गाडीत घालून गोशाळेकडे. गोशाळावाला हात जोडतो, जागा नाही म्हणतो. मग ती गाडी रात्री कुठे रिकामी होते? मागच्या पावसाळ्यात मी मोटरसायकलवरून त्या गाडीच्या मागे गेलो होतो. आपल्या हद्दीच्या पलीकडे नऊ किलोमीटरवर हायवेच्या कडेला फळी उघडली. तिकडच्या गावची जनावरं तिकडची पालिका आपल्याकडे आणून सोडत असणार, याबद्दल मला आता शंका नाही.

मी ती बातमी दिली होती. आत, पान चारवर लागली. असो.

या वेळी मोहिमेची वाट न बघता एक काम केलं. शनिवारी रात्री अकरा ते दोन, मी आणि दोन मित्र, स्टँडपासून बायपासच्या वळणापर्यंत चालत गेलो आणि रस्त्यावरचं प्रत्येक जनावर मोजलं. बॅटरीच्या उजेडात कान पाहिले, गळा पाहिला. सरकारी गणना नव्हे ही, तिघांनी वहीत मारलेल्या रेघा आहेत. एकूण ११४ भरली. त्यात ४१ दुभत्या गाई, ५८ गोऱ्हे आणि लहान-मोठे वळू, १५ म्हाताऱ्या किंवा लंगड्या भाकड गाई.

पहाटे साडेचारला परत गेलो. त्या ४१ गाईंपैकी बहुतेक जागेवर नव्हत्या. धारेच्या वेळेला आपल्या पायांनी घरी गेल्या होत्या. कुणाच्या, ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे. दूध काढायचं, सकाळी दावं सोडायचं, दिवसभर मंडईतला पाला आणि उकिरड्यावरचं प्लास्टिक खाऊ द्यायचं, संध्याकाळी पुन्हा धार. वैरणीचा खर्च शून्य. या गाईंना मोकाट म्हणणं हा मालकावर केलेला उपकार आहे. त्या मोकाट नाहीत, त्या कामावर आहेत.

उरलेल्या ७३ मात्र तिथंच होत्या. त्यांना जायला घर नाही.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. आपण आणि पालिका या दोन्ही प्रकारांना एकच नाव देतो, एकच गाडी पाठवतो आणि मग काहीच सुटत नाही. पहिल्या प्रकाराला दंड पाहिजे. दुसऱ्याला दंड करणार कुणाला? त्याला जागा पाहिजे आणि रोजची वैरण पाहिजे. दंडाने सुटणारा प्रश्न आणि पैशाने सुटणारा प्रश्न, दोन्हींवर आपण फक्त दोरखंड टाकतोय.

आता कोंडवाड्याचं.

चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. जुन्या पालिकेच्या मागे दगडी भिंतीची मोकळी जागा होती, आत पाण्याचा हौद, कोपऱ्यात लिंब, दाराशी खुर्ची टाकून बसलेला कोंडवाड्याचा शिपाई. आमच्या आजीची म्हैस एकदा तिथं गेली होती. वडील दंड भरून, पावती घेऊन तिला सोडवून आले आणि नंतर महिनाभर घरात म्हशीपेक्षा आजीलाच बोलणी बसली. "कोंडवाड्यात घालीन" ही धमकी आईबाप पोरांनाही द्यायचे. धमकी चालायची, कारण कोंडवाडा खरा होता.

ही व्यवस्था इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने देशभर बांधली. त्यातलं दंडाचं कोष्टक वाचण्यासारखं आहे. हत्तीला दोन रुपये, उंट आणि म्हशीला आठ आणे, घोडा, बैल, गाईला चार आणे, वासरू, गाढव, डुकराला दोन आणे, शेळी-मेंढीला एक आणा. पण दंडापेक्षा महत्त्वाचं होतं ते पुढचं. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचं, नोटीस लावायची, आणखी सात दिवस थांबायचं आणि मग जाहीर लिलाव. लिलावातून दंड आणि वैरणीचा खर्च वसूल. म्हणजे कोंडवाड्यात जनावर जास्तीत जास्त पंधरवडा-तीन आठवडे राहायचं. आत येणारं जनावर बाहेर जाणार हे ठरलेलं होतं, म्हणून एवढ्याशा जागेत अख्ख्या गावाचं भागायचं.

आज त्या जागेवर शॉपिंग कॉम्प्लेक्सचे गाळे आहेत. खालच्या मजल्यावर मोबाईलची दुकानं, वरचा मजला अजून रिकामा. मी माहिती अधिकारात विचारलं होतं की कोंडवाडा कोणत्या ठरावाने बंद केला आणि पर्यायी जागा कोणती. उत्तर आलं, "सदर अभिलेख उपलब्ध नाही." एक ओळ. खाली सही, शिक्का.

पण खरं सांगायचं तर गाळे बांधले नसते आणि दगडी भिंत आज उभी असती, तरी कोंडवाडा बंदच पडला असता. कारण लिलावात बोली लावणारा माणूस संपला.

पूर्वी बोली कोण लावायचं? शेतकरी लावायचा, त्याला बैल पाहिजे असायचा. व्यापारी लावायचा. शेतकऱ्याकडे आता ट्रॅक्टर आहे. आणि आपल्या गोठ्यांतल्या गाई बघा, जर्सी नाहीतर एचएफ. त्यांचा गोऱ्हा बैल म्हणून चालत नाही. वशिंड नाही, जू नीट बसत नाही, उन्हात धापा टाकतो. गाईने गोऱ्हा दिला की दूधवाल्याच्या घरात सुतकाची कळा येते. हे आपण सगळे जाणतो, फक्त बोलत नाही.

राहिला व्यापारी. १९७६च्या कायद्यात आपल्या राज्यात गाईच्या कत्तलीला बंदी होती, बैल आणि वळूला दाखला घेऊन परवानगी होती. १९९५ साली विधिमंडळाने ती बंदी बैल-वळूंपर्यंत वाढवली. त्या विधेयकावर राष्ट्रपतींची सही व्हायला वीस वर्षं गेली आणि मार्च २०१५पासून ते लागू झालं. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. मे २०१६मध्ये उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, काही कलमं तेवढी रद्द केली.

कमेंटमध्ये उड्या मारायच्या आधी थांबा. बंदी बरोबर की चूक, हा वाद मला इथं घालायचा नाही. आमच्याही घरी पोळ्याला बैलाचे पाय धुतात. मी हिशोबाचं बोलतोय. २०१५च्या आधी म्हाताऱ्या बैलाची आणि नको असलेल्या गोऱ्ह्याची शेतकऱ्याला काही ना काही किंमत यायची. २०१५नंतर ती किंमत गेली आणि तिच्या जागी रोजचा खर्च आला. हा खर्च कुणी उचलायचा, हे कायदा करताना कुणीच लिहिलं नाही. शेतकऱ्याने तो रात्री पिकअपमध्ये घालून तालुक्याच्या गावी आणून सोडला. म्हणजे आपल्या दारात. म्हणजे पालिकेच्या माथी.

त्यात २०२५च्या पावसाळ्यात कुरेशी व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदीच थांबवली. वाटेत गाड्या अडवतात, मारहाण होते, म्हशी नेत असलो तरी सोडत नाहीत, ही त्यांची तक्रार. तेव्हा कित्येक बाजारांत माल उभा आणि गिऱ्हाईक नाही अशी गत झाली होती. म्हशीवर तर बंदीही नाही. ज्या शेतकऱ्याला मुलीच्या फीसाठी म्हैस विकायची होती तो दोर हातात धरून संध्याकाळपर्यंत बसला. हा आपल्याच आठवडी बाजारातला, माझ्या डोळ्यांसमोरचा प्रकार.

आता जे सांगणार आहे ते सांगू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. सांगतो.

आमची गावाकडे शेती आहे, दादा बघतो. दोन एचएफ गाई आहेत. मागच्या वर्षी दोघींना गोऱ्हे झाले. दिवाळीत गेलो तेव्हा गोठ्यात एकच गोऱ्हा दिसला, तोही मरतुकडा. दुसरा कुठाय, असं विचारलं. दादा बोलला नाही. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सोडला त्याला तुमच्याकडं." मला आधी कळलंच नाही. तुमच्याकडं म्हणजे इथं, आपल्या शहरात. गावातला एक छोटा हत्तीवाला जनावरामागं पाचशे रुपये घेतो, चार-पाच गोऱ्हे जमले की रात्री एक चक्कर मारतो.

मी दादाला म्हणालो, "दादा, अरे लोक मरतात त्यानं. मी बातम्या देतो रोज."

तो म्हणाला, "मग तू सांग काय करू. दूध घालतो डेअरीला तर लिटरमागं पेंडीचे पैसे सुटत न्हाईत. ह्याला काय पाजू? इकता येत न्हाई, मारता येत न्हाई, गोशाळंत दोनदा जाऊन आलो, ते म्हनतेत देशी असंल तर आना. तू नेतोस का तुज्या फ्लॅटवर?"

मला उत्तर देता आलं नाही.

"कानातल्या बिल्ल्याचं काय केलं?" मी विचारलं.

"कापला," म्हणाला. "नंबर असतो ना त्यावर."

शनिवारच्या मोजणीत आम्ही कान का पाहिले, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. ११४पैकी ४७ जनावरांच्या कानात पिवळा बिल्ला शाबूत होता. २९ जनावरांचे कान फाटलेले होते, बिल्ला होता त्या जागी चीर. त्यातला आमचा कुठला ते मी ओळखू शकलो नाही. मंगळवारचा काळा गोऱ्हा ट्रॅक्टरमध्ये टाकताना मी जवळ जाऊन त्याचाही कान पाहिला. फाटलेला होता. तो आमचा नव्हता, आमचा बांडा होता. पण हे लिहिताना हलकं वाटत नाही.

या बिल्ल्याबद्दल थोडं. त्यावर बारा आकडी नंबर असतो. केंद्राच्या भारत पशुधन प्रणालीत तो टाकला की मालकाचं नाव, गाव, फोन, लसी, सगळं येतं. राज्य सरकारने १ जून २०२४पासून बिल्ला नसेल तर जनावराची खरेदी-विक्री नाही, असा नियमही केला. म्हणजे शनिवारच्या ४७ जनावरांचे मालक सापडायला एक सकाळ पुरे. पशुवैद्यकीय दवाखाना पालिकेपासून चालत सात मिनिटांवर आहे. आरोग्य विभागातल्या एकाला विचारलं, पकडलेल्या जनावराचा नंबर त्यांच्याकडून तपासून घेता का? म्हणाले, "तो वेगळा विभाग आहे." सात मिनिटं.

कायदे नाहीत म्हणाल, तर तेही आहेत. जनावर नीट न सांभाळल्याने माणसाच्या जिवाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. आपल्या ठाण्यात हे कलम जनावराच्या मालकावर कधी लागल्याचं मला आठवत नाही. दुसरीकडे, जनावर टाकून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये. छोटा हत्तीवाला पाचशे घेतो. सरकारचा दंड जास्तीत जास्त पन्नास.

बरं, पैसा. सगळे म्हणतात गोशाळेला अनुदान आहे की. आहे. ३० सप्टेंबर २०२४ला मंत्रिमंडळाने देशी गाईला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दिवसाला पन्नास रुपये मंजूर केले. चांगलं झालं. पण 'देशी' हा शब्द वाचा. आपल्या रस्त्यावरच्या ५८ गोऱ्ह्या-वळूंत देशी म्हणता येतील असे आम्हाला सहा-सात सापडले. बाकी सगळे संकरित. ज्याला मारायला बंदी आहे त्याच्या पोटाला अनुदान नाही. गोशाळावाले दादाला परत पाठवतात ते दुष्ट आहेत म्हणून नव्हे, त्यांनाही हिशोब आहे.

आणि पन्नास तरी पुरतात का? २०१९च्या दुष्काळात आपल्या भागात चारा छावण्या होत्या, आठवत असतील. तेव्हा याच राज्य सरकारने मोठ्या जनावराला दिवसाला नव्वद रुपये धरले होते, ते कमी पडतात म्हणून पुढे शंभर केले. म्हणजे २०१९ साली सरकारच्याच हिशोबाने एका जनावराचं पोट शंभर रुपयांत भरत होतं. आज ते पन्नासात भरेल, तेही देशी असेल तर.

शंभर रुपये धरले तर एका जनावराचे वर्षाला ३६,५०० होतात. आमच्या मोजणीतली ती बेवारस ७३ धरली तर साडेसव्वीस लाखांच्या पुढे. पालिकेला हा आकडा मोठा वाटेल. वाटू दे. गेल्या तीन वर्षांत जनावरं पकडायच्या ठेक्यांवर किती गेले, तो अर्ज मी टाकलाय, उत्तर आलं की इथंच टाकीन.

हे फक्त आपल्याकडे आहे असं नाही. २०१९च्या पशुगणनेत देशात ५० लाख २१ हजार मोकाट गुरं मोजली गेली. राजस्थानात १२ लाख ७२ हजार, उत्तर प्रदेशात ११ लाख ८४ हजार. उत्तर प्रदेशने २०१९पासून दारूवर, टोलवर अर्धा टक्का उपकर लावला, जो कुणी बेवारस जनावर घरी सांभाळेल त्याला दिवसाला तीस रुपये दिले, पुढे पन्नास केले. तरी तिकडचा शेतकरी रात्रभर पिकाची राखण करतोच आहे. गुजरातने २०२२ला शहरांत जनावर पाळायला परवाना सक्तीचा करणारं विधेयक मंजूर केलं. मालधारी समाज रस्त्यावर उतरला, निवडणूक तोंडावर होती, सप्टेंबरात विधेयक मागे घेतलं. त्याच ऑगस्टमध्ये तिथले माजी उपमुख्यमंत्री नितीन पटेल यांना तिरंगा यात्रेत गाईने पाडून जखमी केलं होतं. माजी उपमुख्यमंत्र्याला पाडलं तरी कायदा टिकला नाही, मग आपल्या पेपरवाल्या पोराचं काय घेऊन बसलात.

त्या पोराला काय मिळेल, हे मी वकिलांना विचारलं. समोर गाडी असती तर तिच्या विम्यावर दावा करता आला असता. गोऱ्ह्याचा विमा नाही, मालकाचा पत्ता नाही. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ला १९३ याचिकांवर एकत्र निकाल देताना सांगितलं की मोकाट जनावरामुळे झालेल्या अपघाताची भरपाई देण्याची प्राथमिक जबाबदारी सरकारची, त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात समिती करा. तसा निकाल आपल्या राज्याला बांधील नाही, पण दाखवता येतो. आणि ७ नोव्हेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलंय की महामार्गांवरून मोकाट जनावरं हलवा, गस्तीची पथकं ठेवा, हेल्पलाइन द्या. हलवून ठेवा कुठे, तर गोशाळा आणि निवारे. म्हणजे फिरून आपण पुन्हा कोंडवाड्यापाशी येतो. आपल्याकडे या आदेशानंतर काय झालं, तर बायपासला एक फलक लागला. "सावधान, पुढे मोकाट जनावरे". त्याच्याच पायाशी एक वळू बसलेला असतो.

डिसेंबरात निवडणूक झाली. इतकी वर्षं प्रशासक होते, तेव्हा कुणाला विचारायचं हाच प्रश्न होता. आता नगराध्यक्ष आहेत, प्रत्येक प्रभागात नगरसेवक आहेत. त्यांच्या जाहीरनाम्यांत, मी सगळ्या पक्षांचे जपून ठेवलेत, मोकाट जनावरांचा बंदोबस्त तीन पक्षांनी लिहिलाय. कोंडवाडा शब्द एकानेही लिहिलेला नाही.

मी जो अर्ज देणार आहे त्यात चारच गोष्टी आहेत. कचरा डेपोच्या अलीकडे पालिकेची पडीक जागा आहे, तिथं शेड, हौद आणि वैरणीची सोय असलेला कोंडवाडा करा आणि त्याची नोंदवही रोज फलकावर लावा. कुठलं जनावर आलं, बिल्ल्याचा नंबर काय, कुणी सोडवलं, किती दंड भरला. फोन करून सोडवलं असेल तर फोन कुणाचा, तेही. दुसरं, पशुवैद्यकीय दवाखान्याचा माणूस पकडमोहिमेत सोबत पाहिजे, बिल्ला असेल तर त्याच दिवशी मालकाला नोटीस. तिसरं, गाळ्यांच्या भाड्यातला ठरावीक हिस्सा वैरणीला. कोंडवाड्याच्या जागेवर गाळे आहेत, तर त्यांच्या भाड्यावर पहिला हक्क वैरणीचा. चौथं, सर्वसाधारण सभेत ठराव करून सरकारकडे मागणी करा की अनुदानातला 'देशी' शब्द काढा किंवा संकरित गोऱ्ह्यांसाठी वेगळी सोय करा. बंदी विधिमंडळाने केली, तर खर्चाची तरतूदही तिथंच झाली पाहिजे.

गोठ्यातही एक काम आहे, ते पालिकेचं नाही. कालवडच व्हावी म्हणून खास रेतमात्रा मिळतात, दहातल्या नऊ वेळा कालवड होते. दादाला यातलं काही माहीत नव्हतं. सांगणाऱ्याने सांगितलं नाही, आणि मी शहरात बसून सुळसुळाटाच्या बातम्या करत होतो. ती माहिती माझ्या पेपरात यायला पाहिजे होती, आली नाही. पुढच्या आठवड्यात येईल.

काही जण म्हणतील, दुधवाल्या गल्लीतल्या मालकांची नावं टाका. टाकणार नाही. आमच्या दादाला झाकून त्यांना उघडं करायचा मला अधिकार नाही. पण त्यांनी ही पोस्ट वाचली असेल तर त्यांना कळलंय.

सोमवारी सकाळी अकराला पालिकेच्या पायऱ्यांजवळ भेटू. ज्यांना अर्जावर सही करायची त्यांनी यावं. पोराचे वडील येणार आहेत. ज्यांच्याकडे फाटक्या कानाच्या जनावरांचे फोटो आहेत त्यांनी इनबॉक्सला पाठवा, ठिकाण आणि तारखेसह. दादालाही फोन केलाय. "बघतो" म्हणाला.